ऑपरेशनची तारीख मिळाली? खाट धरू नका!

वाशीम, रिसोड, मानोऱ्याकडचा कर्करोगी उपचारासाठी अकोला, नागपूर किंवा १९४१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातो. ऑपरेशनची तारीख मिळते आणि घरचे म्हणतात, "बाबा, आता हलू नका." माया खरी, सल्ला मात्र चुकीचा. पडून राहिल्याने अंगातले बळ आणि दम दोन्ही घटतात.

डॉक्टरांना विचारून सकाळ-संध्याकाळ झेपेल तेवढे, बांधापर्यंत चाला. दीर्घ श्वासाचा सराव करा. तंबाखू, बिडी आजच सोडा.

ऑपरेशननंतर डॉक्टर पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी उठवून बसवतात, चार पावले चालवतात. घाबरू नका. त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा, छातीत कफ साचण्याचा धोका कमी होतो. खोकताना पोटाच्या टाक्यांवर उशी दाबून धरा. स्तनाचे ऑपरेशन झालेल्या भगिनींनी डॉक्टर सांगतील तेव्हापासून भिंतीवर बोटे चढवीत हात वर न्यावा. नाहीतर खांदा आखडतो.

घरी आल्यावर चालणे हळूहळू वाढवा. मात्र पोटाचे ऑपरेशन असेल तर साधारण सहा आठवडे पोते, घागर उचलू नका. पोटरी सुजली, धाप लागली, ताप आला तर ताबडतोब दवाखाना गाठा.

घरच्यांनो, रोग्याच्या डोईवरचा भार घ्या. त्याचे चालणे बंद करू नका. त्याच्याबरोबर चाला.