काडीमोडीपासून हुकूमनाम्यापर्यंत

भिवंडी तालुक्यात दिघाशीच्या आसपासच्या ग्रामीण पट्ट्यात आगरी, कुणबी, वारली, कातकरी असे समाज शेजारीशेजारी नांदतात, तर भिवंडी शहरात कोकणी मुसलमान आणि उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. त्यामुळे विवाह मोडण्याचे नियम या एका तालुक्यातही एकसारखे कधीच नव्हते.

घटस्फोट हे पाश्चात्त्य शिक्षणाचे फळ होय, ही समजूत मुख्यतः उच्चवर्णीय अनुभवावर बेतलेली आहे. धर्मशास्त्राने विवाहसंस्कार अविच्छेद्य मानला, तरी अनेक बहुजन जातींत पंचांसमोर गवताची काडी मोडून संबंध संपवण्याची काडीमोड, नवऱ्याने लिहून दिलेली सोडचिठ्ठी किंवा फारकत, आणि त्यानंतर स्त्रीचा पाट, म्हणजे पूर्ण विधींविना लागणारे दुसरे लग्न, हे सारे रूढ होते. पेशवाईत पाटावर पाटदाम नावाचा कर घेतला जाई, म्हणजे सरकारदरबारीही त्याची नोंद होती. मात्र पंच पुरुषच असत आणि पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान मिळत नसे, हे विसरून या रूढीचे गोडवे गाता येत नाहीत.

इंग्रजी न्यायालयांनी ही वाट रुंदावली नाही, उलट आवळली. 1876 साली मुंबई उच्च न्यायालयाने, विवाह रद्द ठरवून स्त्रीला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार अमान्य केला. नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना तर 1887 साली नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश झाला. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, तेव्हा त्यांची या आदेशातून सुटका झाली.

मुंबई प्रांताने 1947 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, 1955 चा हिंदू विवाह कायदा देशभर आला आणि 1976 च्या दुरुस्तीने परस्परसंमतीचा मार्ग खुला झाला. हिंदू विवाह कायद्याने रूढीने मिळणारा घटस्फोट कायम राखला आणि अनुसूचित जमातींना आपल्या कक्षेबाहेर ठेवले, म्हणून वारली-कातकऱ्यांचे विवाह आजही प्रामुख्याने जमातीच्या रिवाजाने चालतात. मुस्लिम स्त्रीला न्यायालयातून विवाहविच्छेद मागण्याचा हक्क 1939 च्या कायद्याने दिला होता, तरी एकतर्फी तोंडी तलाक चालूच राहिला; त्याविरुद्ध समाजसुधारक हमीद दलवाई यांनी 18 एप्रिल 1966 रोजी सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईत काढला, आणि एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवण्यास 2017 साल उजाडले.

घटस्फोटाच्या प्रमाणाचे आकडे वाचताना हा इतिहास ध्यानात ठेवावा लागतो. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात विवाहितांच्या तुलनेत घटस्फोटितांचे प्रमाण सुमारे 0.24 टक्के, तर विभक्तांचे 0.61 टक्के होते. विवाह टिकतात म्हणून पहिला आकडा लहान आहे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. नवऱ्याने टाकलेल्या, पण कागदोपत्री विवाहितच राहिलेल्या परित्यक्ता त्यात येतच नाहीत. खेड्यात माहेरच्या दारी परतलेल्या लेकीपेक्षा कोर्टाची पायरी चढलेली लेक घराण्याला अधिक खुपते, कारण धाकट्या बहिणींची स्थळे अडतील अशी धास्ती असते.

मुद्रांकावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन सोडचिठ्ठी लिहून देण्याची पद्धत अजूनही चालते. पण 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशी रूढी संबंधित समाजात आहे हे न्यायालयात मांडून सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले नाही, तर त्या कागदाच्या भरवशावर लागलेले दुसरे लग्न कायद्याने लग्नच ठरत नाही.