रीस्टार्ट केलं की चालतंय!

कॉलेज फेस्टची वेबसाइट असो की फायनल इयरचा प्रोजेक्ट, सर्व्हर बंद पडला की आपण तो रीस्टार्ट करतो आणि चहाला जातो. पण लॉगमध्ये रोज तोच एरर येत असेल, तर चहा जरा थांबू दे.

फेस्टचा पहिला दिवस, सकाळचे साडेनऊ. रजिस्ट्रेशनच्या टेबलासमोर चौघं उभे होते. पहाटेची एसटी पकडून आलेले. त्यांच्या मोबाइलवर पैसे गेल्याचा मेसेज होता, आमच्या यादीत त्यांच्या टीमचं नाव नव्हतं. ‘दादा, पैसे तर कट झालेत ना,’ एवढंच ते म्हणत होते. दुपारपर्यंत अशा अकरा टीम निघाल्या.

वेबसाइट माझ्याकडे होती. त्यामुळे नावं कुठे गेली असतील, याचा अंदाज मला लगेच आला आणि पोटात गोळाच आला. दोन आठवडे रोज संध्याकाळी सातच्या सुमारास साइट बंद पडत होती. ग्रुपवर ओरडा झाला की मी सर्व्हर रीस्टार्ट करायचो. साइट चालू व्हायची, मला अंगठे मिळायचे, विषय संपायचा. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत कुणी पैसे भरत असेल, हे डोक्यातच आलं नाही. पैसे जमा झाल्याचा निरोप आमच्या सर्व्हरला यायचा, पण डेटाबेसच बंद, मग नोंद करणार कोण?

शेवटची नको, पहिली ओळ

संध्याकाळी लॅबमधल्या सरांना गाठलं. ‘लॉग बघितलास का?’ त्यांचा पहिला प्रश्न. बघितला होता की! ‘डेटाबेसशी कनेक्शन होत नाही’ ही एकच ओळ शेकडो वेळा आलेली. म्हणून मी डेटाबेसच्या सेटिंगमध्ये दोन आठवडे खटाटोप करत होतो. सर म्हणाले, ‘ही रडारड झाली. आधी मारलं कुणी ते बघ.’

सर्व्हरचा लॉग म्हणजे त्याची डायरी. कोणती सेवा कधी सुरू झाली, कधी पडली, कुणी लॉगिन केलं, सगळं वेळेसकट लिहिलेलं. ही पद्धत रुळली ती ‘सिसलॉग’मुळे. ऐंशीच्या दशकात एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या ईमेल सॉफ्टवेअरसोबत तो तयार केला. त्यात मेसेजच्या गांभीर्याच्या ० ते ७ अशा पायऱ्या आहेत. ० म्हणजे आणीबाणी, ३ म्हणजे एरर, ७ म्हणजे डीबगिंगची बारीकसारीक माहिती. आजच्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर ‘जर्नलसीटीएल’ ही कमांड असते. एरर आणि त्याहून गंभीर तेवढंच दाखव, किंवा अमुक ते अमुक वेळेतलंच दाखव, असं तिला सांगता येतं.

आम्ही सातच्या आसपासच्या नोंदी मागितल्या. काहीच नाही! पाच मिनिटं डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आमचे संध्याकाळचे सात म्हणजे त्याच्या डायरीत दुपारचा दीड. तिथे गेलो आणि त्या शेकडो ओळींच्या बरोब्बर आधी एक ओळ सापडली. मेमरी संपली आहे, म्हणून डेटाबेसची प्रोसेस मारली, असं खुद्द लिनक्सच्या कर्नलनं लिहून ठेवलं होतं. दोन आठवडे, रोज.

मेला एक, गुन्हेगार दुसराच

मेमरी पूर्ण संपली की सगळी मशीन गोठू नये म्हणून कर्नल एखाद्या प्रोसेसचा बळी देतो. या यंत्रणेला ‘ओओएम किलर’ म्हणतात. साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस तो निवडतो. आमचा सर्व्हर १ जीबीचा, त्यात सगळ्यात जाडजूड प्रोसेस डेटाबेसची. म्हणून रोज तोच मरायचा. पण मेमरी संपवत कोण होतं?

याचं उत्तरही तिथेच होतं. बळी घेताना कर्नल त्या क्षणी चालू असलेल्या प्रोसेसची यादी लॉगमध्ये टाकतो. यादीत ‘पायथन’ हे नाव एकाखाली एक नऊ वेळा. सरांनी माझ्याकडे बघितलं. ती स्क्रिप्ट मीच लिहिली होती.

दर पाच मिनिटांनी सगळी नावं वाचायची, एक्सेल शीट बनवायची आणि सगळ्यांचे पास तयार करायचे, एवढंच तिचं काम. सुरुवातीला पन्नास नावं होती, काही सेकंदांत उरकायचं. नावं वाढत गेली तसा वेळ वाढला. संध्याकाळी कॉलेज सुटलं की साइटवर गर्दी, मग तेच काम सात-आठ मिनिटं घ्यायला लागलं. पण ‘क्रॉन’ला त्याचं काय? पाच मिनिटं झाली की तो स्क्रिप्टची नवी कॉपी सोडायचा. आधीची संपलेली नाही, दुसरी आली, तिसरी आली... एकेक कॉपी छोटी, म्हणून बळी जायची नाही. सगळ्या मिळून मात्र मेमरी खायच्या.

मी मध्यंतरी स्वॅप वाढवून बघितला होता. दोन दिवस बरे गेले आणि वाटलं, जमलं! प्रत्यक्षात फक्त साइट पडायची वेळ थोडी पुढे गेली होती. खरा उपाय अर्ध्या तासाचा निघाला. ‘फ्लॉक’ वापरून एका वेळी एकच कॉपी चालेल असं केलं आणि दर वेळी फक्त नवीन नावंच वाचायला लावली. त्या रात्रीपासून ती ओळ लॉगमध्ये आली नाही.

९७ ईमेल

असं फक्त आपल्यासारख्या शिकाऊंचंच होतं असं नाही. अमेरिकेतली ‘नाइट कॅपिटल’ ही शेअर ट्रेडिंगमधली मोठी कंपनी. तिथे नवीन कोड ८ सर्व्हरवर टाकायचा होता, एक राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडण्याआधी त्यांच्या सिस्टिमनं एररचे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले. ते अलर्ट म्हणून बघायची पद्धतच नव्हती, कुणी हललं नाही. बाजार उघडल्यावर राहिलेल्या सर्व्हरवरच्या जुन्या कोडनं ऑर्डरींचा धडाका लावला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान!

आमचं नुकसान त्या मानानं किरकोळ. पेमेंटच्या स्टेटमेंटवरून अकराही टीम जुळवल्या, सगळ्यांना पास दिले. पण पहाटेच्या एसटीनं आलेल्या त्या चौघांची पहिली फेरी तोवर होऊन गेली होती. त्यांना रीस्टार्ट कसं देणार?

लॉग वाचताना...

* एरर कधी कधी येतो ते लिहून काढा. ठरावीक वेळ दिसली, तर क्रॉनमधली कामं आधी तपासा.
* सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे की आपल्या वेळेवर, ते बघा.
* एररच्या गर्दीतला सगळ्यात पहिला शोधा. बाकीचे बहुतेक त्याचेच परिणाम असतात.
* एका वेळी एकच बदल करा आणि तो तारखेसकट नोंदवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशानं फरक पडला ते कळत नाही.
* रीस्टार्ट करायला हरकत नाही, पण आधी लॉगची कॉपी काढून ठेवा.
* प्रत्येक एरर म्हणजे आग नव्हे. इंटरनेटवरच्या सर्व्हरवर चुकीच्या पासवर्डचे मेसेज रोज येतात, बॉट दार ठोठावत असतात. पासवर्डऐवजी की वापरून लॉगिन ठेवा. पण एखाद्या एररकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं, तर ते का, हे सांगता आलं पाहिजे.