ज्येष्ठांना बुरशीविरोधी गोळी देण्यापूर्वी

पावसाळ्याचे चार महिने किनारपट्टीची दमट हवा त्वचेवरील बुरशीला चांगलीच मानवते. चिखलपाण्यात राबणाऱ्यांच्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात, जांघेत व कमरेला गजकर्ण उठते, नखे पिवळी व जाड होतात. मधुमेह असल्यास हा विकार अधिकच चिवटपणे ठाण मांडतो. घरातील आजी-आजोबा मग गेल्या वर्षीचे रिकामे पाकीट नातवाच्या हाती देतात आणि औषधाच्या दुकानातून ‘तीच गोळी’ मागवतात. खाजेवरची गोळी ती, तिने काय होणार, असा सर्वसाधारण समज असतो. हा समज वृद्धांच्या बाबतीत जिवावर बेतू शकतो, म्हणून या विषयाची माहिती धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाला असावी, असे आम्हांस वाटते.

धोका कोठून उद्भवतो?

आपण घेतो त्यांपैकी बहुतेक औषधांचे विघटन यकृतातील विकरे करतात व उरलेला भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. बुरशीविरोधी गटातील काही गोळ्या नेमक्या याच विकरांचे काम रोखून धरतात. परिणामी रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकारासाठी रोज घेतले जाणारे औषध शरीरात साचत जाते. गोळी एकच घेतलेली असते, परंतु शरीरावर परिणाम मात्र दोन-तीन गोळ्यांचा होतो. तरुण माणूस सहसा दुसरे औषध घेत नसतो. वृद्धांच्या डब्यात मात्र पाच-सहा प्रकारच्या गोळ्या असतात. हाच काय तो फरक.

कोणत्या गोळीचे कोणाशी वैर?

फ्लुकोनॅझोल ही गोळी रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिन व असेनोकुमॅरॉल या औषधांचा प्रभाव वाढविते. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग पडणे, शौचास काळी होणे ही त्याची लक्षणे होत. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीबरोबर ती घेतल्यास रक्तातील साखर एकाएकी खाली जाऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसताच रुग्ण शुद्धीवर असल्यास त्वरित साखर द्यावी व डॉक्टरांना गाठावे. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडविणाऱ्या काही औषधांशीही तिचे जमत नाही. विशेष म्हणजे गोळी थांबविल्यानंतरही चार-पाच दिवस हा परिणाम टिकून राहतो.

इट्राकोनॅझोल हृदयाची पंप करण्याची शक्ती कमी करू शकते. ज्यांचे हृदय आधीच दुर्बल झाले आहे, त्यांनी केवळ नखांच्या बुरशीसाठी ती घेऊ नये. कोलेस्टेरॉलवरील सिमव्हास्टॅटिनबरोबर ती देणे निषिद्ध आहे, कारण स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. डिगॉक्सिनचे रक्तातील प्रमाणही ती वाढविते. तिची नेहमीची कॅप्सूल पोटभर जेवणानंतर लगेच घ्यावयाची असते. आम्लपित्तावरील गोळ्यांमुळे ती नीट शोषली जात नाही. मग ‘गुण येत नाही’ म्हणून मात्रा वाढविली जाते, आणि तेथेच चूक घडते.

टर्बिनाफिन नखांसाठी अधिक वापरली जाते. प्रौढांसाठी नेहमीची मात्रा दिवसातून एकदा 250 मिलिग्रॅम असून हाताच्या नखांसाठी साधारण 6 आठवडे, तर पायाच्या नखांसाठी 12 आठवडे ती दिली जाते. यकृताचा आजार असलेल्यांना ती देऊ नये. इतरांचीही यकृताची रक्ततपासणी आधी व्हावी. मेटोप्रोलॉल व अमिट्रिप्टिलिन यांचा प्रभाव ती वाढवू शकते. गोळ्या संपल्या तरी नवे नख पूर्ण वाढण्यास वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. नख लगेच स्वच्छ दिसले नाही म्हणून स्वतःच्या मनाने दुसरा क्रम सुरू करू नये.

कवळी वापरणाऱ्यांच्या तोंडात पांढरी बुरशी धरते. तीवर लावावयाचे मायकोनॅझोल जेल निरुपद्रवी वाटते, परंतु वॉरफेरिन घेणाऱ्यांमध्ये त्यानेही धोकादायक रक्तस्राव होऊ शकतो.

‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ एवढे पुरेसे नाही

वयोमानाने स्नायू झिजतात, त्यामुळे मूत्रपिंड मंदावले असले तरी क्रिएटिनिनचा आकडा सामान्य दिसू शकतो. उदाहरणार्थ, 78 वर्षे वयाच्या, 48 किलो वजनाच्या आजीबाईंचे क्रिएटिनिन 1.0 आले, तर अहवालावर खूण नसते. परंतु वय व वजन धरून हिशेब केल्यास मूत्रपिंडाची क्षमता मिनिटाला सुमारे 35 मिलिलिटर एवढीच भरते. ही क्षमता 50 किंवा त्याहून खाली असल्यास अनेक दिवस चालणाऱ्या फ्लुकोनॅझोलची पहिल्या मात्रेनंतरची मात्रा निम्मी करावी लागते. 50 च्या खाली टर्बिनाफिन टाळणे इष्ट मानले जाते. म्हणून डॉक्टरांना वय व वजन दोन्ही सांगावे.

कुटुंबीयांनी काय करावे?

रुग्णाला डॉक्टरांकडे नेताना घरातील सर्व औषधे पिशवीत घालून न्यावीत. आयुर्वेदिक चूर्णे व वेदनाशामक गोळ्याही वगळू नयेत. हृदयरोग, मधुमेह व त्वचारोग यांचे डॉक्टर वेगवेगळे असतील, तर प्रत्येकाला दुसऱ्याची चिठ्ठी दाखवावी. चट्टा लहान असल्यास केवळ मलमाने भागेल का, हे आवर्जून विचारावे. स्टेरॉइडमिश्रित मलम खाज तात्पुरती शमविते, पण बुरशी आत पसरू देते. ते स्वतःहून आणू नये. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरील वासना जाणे, पायांवर सूज, धाप लागणे किंवा भोवळ येणे यांपैकी काहीही आढळल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आणि हृदयाची वा मधुमेहाची नेहमीची गोळी परस्पर बंद करू नये. काय थांबवावयाचे, हे डॉक्टरांनी ठरवावे.

बुरशी क्षुल्लक नसते, हेही ध्यानी असावे. 2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे व प्राण हिरावले, हे आपण विसरलेलो नाही. त्यावरील अँफोटेरिसिन-बी हे औषध जीवरक्षक असले तरी मूत्रपिंडाला इजा करू शकते, म्हणून ते इस्पितळात देखरेखीखालीच दिले जाते. उपचार टाळावेत असे आमचे म्हणणे नाही. ते जाणून-समजून व्हावेत, एवढेच आम्ही सांगू इच्छितो.

सिराखच्या ग्रंथातील 38 वा अध्याय वैद्याचा मान राखावयास व परमेश्वराने धरतीतून दिलेल्या औषधांचा अव्हेर न करण्यास शिकवितो; आजारपणात प्रार्थना करावी आणि वैद्यालाही वाव द्यावा, असे तो सांगतो. आपल्या धर्मग्रामांत अनेक ज्येष्ठ एकटे राहतात. मुले नोकरीनिमित्त परगावी वा परदेशी असतात. औषधाच्या चिठ्ठीवरील बारीक अक्षरे त्यांना वाचता येत नाहीत. आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेणाऱ्या सेवकांनी व लघु ख्रिस्ती समूहातील शेजाऱ्यांनी भेटीच्या वेळी पाच मिनिटे काढून औषधांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी. चौथ्या आज्ञेचे पालन करण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या आवाक्यातला आहे.