नोव्हेंबरातलं नॉर्थफील्ड

मिनेसोटाचे रंग पाहायला लोक ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जातात. तेव्हा मेपल पेटलेले असतात, रस्त्याकडेला लाल भोपळ्यांचे ढीग लागलेले असतात आणि हॉटेलात खोली मिळत नाही. मी मुद्दाम नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेले. मेपल उघडे झाले होते. ओकची पानं सुकून तपकिरी होतात, पण लवकर गळत नाहीत. वाऱ्यावर कोरडी खुळखुळत राहतात. सोयाबीन निघालं होतं, मकाही निघाला होता, आणि काळ्या जमिनीत मैलोन्‌मैल मक्याची धसकटं उभी होती. दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर या भागात माणसं घरात असतात, नाहीतर ग्रंथालयात.

नॉर्थफील्ड हे गाव मिनियापोलिसच्या दक्षिणेला साधारण पासष्ट किलोमीटरवर, कॅनन नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं आहे. वस्ती २०,००० च्या थोडी वर. कॉलेजं दोन. पूर्वेच्या अंगाला कार्लटन, पश्चिमेच्या टेकडीवर सेंट ओलाफ. दोन्हींचे मिळून सुमारे ५,००० विद्यार्थी, म्हणजे गावातला दर चौथा माणूस विद्यार्थी. ‘गाई, कॉलेजं आणि समाधान’ हे गावाचं जुनं बोधवाक्य. गाई आता पूर्वीइतक्या दिसत नाहीत. पण वारा योग्य दिशेने असला की सगळ्या गावावर भाजलेल्या धान्याचा खमंग वास पसरतो. नदीच्या बांधालगतच्या एम्स गिरणीत १९२७ पासून माल्ट-ओ-मील या न्याहारीच्या धान्याचं उत्पादन होत आलं. थंड हवेत तो वास जमिनीलगत रेंगाळतो आणि अंगातल्या जाड कोटालाही लागतो.

मला तिथे ओढून नेलं ते दोन नावांनी. एलिनॉर झेलियट आणि गेल ऑम्व्हेट. आंबेडकरी चळवळीचा आणि सत्यशोधक परंपरेचा इतिहास ज्यांना टाळून लिहिता येत नाही, अशा या दोन अमेरिकी अभ्यासक. झेलियट कार्लटनमध्ये १९६९ ते १९९७ इतिहास शिकवत होत्या, ऑम्व्हेट त्याच कॉलेजच्या पदवीधर. पृथ्वीच्या पाठीवरच्या एवढ्याशा गावाचा महाराष्ट्राच्या तळातल्या माणसांच्या इतिहासाशी इतका जवळचा संबंध कसा आला, हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षं होता.

त्याचं उत्तर शोधताना आधी गाव कसं वसलं ते पाहावं लागतं. जॉन नॉर्थ हा न्यूयॉर्क राज्यातून पश्चिमेकडे आलेला वकील, गुलामगिरीचा कट्टर विरोधक. १८५५ मध्ये त्याने कॅनन नदीवर धरण आणि गिरणी उभी केली आणि गाव आखलं. अकरा वर्षांत, १८६६ साली, काँग्रिगेशनल पंथाच्या चर्चांनी तिथे कॉलेज स्थापन केलं. पुढे विल्यम कार्लटन नावाच्या मॅसॅच्युसेट्समधल्या गृहस्थाने ५०,००० डॉलर्स दिले आणि १८७१ मध्ये कॉलेजला त्याचं नाव मिळालं. गिरणी, चर्च, बँक आणि लगोलग कॉलेज, असा क्रम मिडवेस्टातल्या कितीतरी गावांत दिसतो. अजून धड रस्ते नाहीत, हिवाळ्यात माणसं गारठून मरताहेत, आणि तरीही लॅटिन-ग्रीक शिकवणारी संस्था हवीच, हा त्या लोकांचा आग्रह मला आजही थक्क करतो.

हा पंथ मराठी वाचकाला परका नाही. याच काँग्रिगेशनल मंडळींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. त्यांचं अमेरिकन मराठी मिशन पुढे अहमदनगरला स्थिरावलं, त्यांनी शाळा काढल्या आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. न्यू इंग्लंडमधून निघालेल्या एकाच धार्मिक प्रवाहाचा एक फाटा समुद्रापार नगरला पोचला आणि दुसरा प्रेअरीच्या गवतातून कॅनन नदीवर. दोन्हीकडे त्यांनी पहिल्या काही वर्षांतच अध्यापनाचं काम हाती घेतलं.

आणि मग जोतीराव फुले. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल आणि केलेल्या त्यागाबद्दल. नॉर्थफील्ड वसवणारे लोक नेमके याच प्रकारचे. गुलामगिरीविरुद्ध बोललेले आणि यादवी युद्धात लढलेले. फुल्यांनी ज्यांच्याकडे पाहून ती अर्पणपत्रिका लिहिली, त्यांच्यातली ही काही माणसं होती, असं म्हणायला हरकत नाही. त्या अर्पणपत्रिकेनंतर शंभर वर्षांनी, १९७३ साली, कार्लटनमध्ये शिकलेल्या गेल ऑम्व्हेट यांना बर्कलीच्या विद्यापीठात डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ, १८७३ ते १९३०. म्हणजे सुरुवातच सत्यशोधक समाजाच्या स्थापनेच्या वर्षापासून. फुल्यांनी समुद्रापार पाठवलेल्या शब्दांना तिथून आलेलं इतकं सविस्तर उत्तर दुसरं मला माहीत नाही.

गावाच्या मुख्य डिव्हिजन स्ट्रीटवर १८७६ सालच्या बँकेची इमारत अजून आहे, त्यात गावाचं संग्रहालय आहे. ७ सप्टेंबर १८७६ रोजी जेसी जेम्स आणि यंगर भावांची टोळी ही बँक लुटायला आली. काउंटरवर होता जोसेफ ली हेवूड, हंगामी रोखपाल, आणि शिवाय कार्लटन कॉलेजचा खजिनदार. त्याने तिजोरी उघडून द्यायला नकार दिला आणि जीव गमावला. बाहेर गावकऱ्यांनी मिळेल ते हत्यार घेऊन प्रतिकार केला. दोन दरोडेखोर रस्त्यातच पडले. निकोलस गुस्टाफसन हा स्वीडनहून आलेला माणूसही गोळी लागून गेला. सगळा प्रकार काही मिनिटांचा. दर सप्टेंबरात गाव त्याचा उत्सव करतं, घोड्यांवरून लुटीचा प्रयोग होतो. हेवूडची आठवण गावाने ज्या निष्ठेने जपली आहे ती पाहून मला आदर वाटला, आणि त्याचबरोबर एक प्रश्नही पडला. त्याकडे पुढे येते.

कार्लटनमध्ये वर्षाचे तीन छोटे सत्रखंड असतात. पहिला थँक्सगिव्हिंगच्या आधी संपतो आणि पुढचा थेट जानेवारीत सुरू होतो. त्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीस पूर्वेकडचं आवार रिकामं असतं. १८८७ मध्ये बांधलेली गुडसेल वेधशाळा, जिथून एकेकाळी रेल्वे कंपन्यांना तारेने अचूक वेळ कळवली जाई, तिच्या घुमटाभोवती चिटपाखरू नव्हतं. शेतांच्या पलीकडे कॉलेजची पवनचक्की फिरत होती. २००४ साली बसवलेली, १.६५ मेगावॉटची. इमारती उबदार ठेवण्यासाठी जमिनीत खोल विंधनविहिरी घेऊन तिथली उष्णता वर आणण्याची व्यवस्थाही अलीकडच्या वर्षांत झाली आहे. थॉर्स्टिन व्हेब्लेन इथलाच, १८८० चा पदवीधर. गावापासून जवळच नर्स्ट्रँडला त्याच्या नॉर्वेजियन आईबापांची शेती होती. ते घर अजून आहे. श्रीमंतांच्या दिखाऊ खर्चावर त्याने १८९९ मध्ये जे लिहिलं, ते अर्थशास्त्राच्या वर्गात अजून शिकवलं जातं.

पश्चिमेच्या टेकडीवर मात्र गजबज होती. सेंट ओलाफ हे नॉर्वेतून आलेल्या लुथरन शेतकऱ्यांनी १८७४ मध्ये उभं केलेलं कॉलेज. १९१२ पासून इथे नाताळाचा संगीत महोत्सव होतो, आणि थँक्सगिव्हिंगच्या सुमारास त्याच्या तालमी रंगात आलेल्या असतात. पाच गायकवृंद आणि वाद्यवृंद मिळून सुमारे ५०० विद्यार्थी गातात-वाजवतात. लोक नक्षीदार लोकरी स्वेटर घालून येतात आणि ल्युटफिस्क खातात. वाळवलेला कॉड मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून, मग शिजवून केलेला हा पदार्थ. दीड शतकापूर्वी आलेल्यांचे वंशजसुद्धा तो श्रद्धेने खातात.

इथे ओले रोल्वाग शिकवायचा. नॉर्वेतल्या मच्छीमार कुटुंबातला हा माणूस तरुणपणी अमेरिकेत आला आणि सेंट ओलाफमध्येच शिकून तिथे नॉर्वेजियन भाषेचा प्राध्यापक झाला. प्रेअरीवरच्या वसाहतकऱ्यांची त्याची महाकादंबरी आधी नॉर्वेजियनमध्ये आली आणि १९२७ मध्ये इंग्रजीत. परदेशी आलेल्यांनी आपली भाषा टाकली तर माणूस आतून रिता होतो, असं तो आयुष्यभर मांडत राहिला. १९२५ मध्ये इथे नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास मंडळ स्थापन झालं. स्थलांतरितांची पत्रं, चर्चच्या नोंदवह्या, बंद पडलेली वृत्तपत्रं या मंडळाने जमवली. भाषा घराघरांतून गेली तरी कागद राहिले, आणि म्हणून त्या लोकांचा इतिहास लिहिता आला. अमेरिकेतल्या मराठी मंडळांनी नाटकं आणि गणेशोत्सव उत्तम सांभाळले आहेत. पहिल्या पिढीची पत्रं आणि हस्तलिखितं मात्र तळघरांतल्या खोक्यांत पडून आहेत, आणि ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. नॉर्थफील्डच्या या मंडळाकडे आपल्या लोकांनी एकदा तरी बारकाईने पाहावं, असं मला कळकळीने वाटतं.

आता झेलियटबाईंकडे. त्या आयोवातल्या, क्वेकर पंथाच्या. शांतता, समता आणि प्रत्येक माणसाच्या अंतरातल्या उजेडावर विश्वास ठेवणारा हा छोटा पंथ. गुलामगिरीविरोधात तो फार आधी उभा राहिला होता. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्या प्रबंधासाठी महाराष्ट्रात आल्या. बाबासाहेब जाऊन दशकही झालं नव्हतं. महाडला, नाशिकला बरोबर असलेले कार्यकर्ते हयात होते, नव्याने बौद्ध झालेल्या वस्त्यांत धर्मांतराची ऊब ताजी होती. भारतातली विद्यापीठं त्या काळात या विषयाला संशोधनाचा विषय मानायला फारशी तयार नव्हती. झेलियट यांनी माणसांशी बोलून, पत्रकं आणि जुनी वृत्तपत्रं गोळा करून आंबेडकर आणि महार चळवळ यांच्यावर प्रबंध लिहिला. १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली आणि त्याच वर्षी त्या कार्लटनमध्ये रुजू झाल्या. बाबासाहेबांना त्यांनी एकटा महापुरुष म्हणून उभं केलं नाही. त्यांच्या आधीचे गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे, लष्करातली नोकरी गेल्याने अस्वस्थ झालेली पिढी, हे सारं त्यांनी त्या चित्रात आणलं. चोखामेळ्यावर लिहिलं. दलित कवींची भाषांतरं इंग्रजीत पोचवली. १९९२ मध्ये त्यांचा ‘फ्रॉम अनटचेबल टू दलित’ हा निबंधसंग्रह आला.

अशा विदुषीला मोठं संशोधन विद्यापीठ सहज शोभलं असतं. त्या राहिल्या दोन हजार विद्यार्थ्यांच्या, फक्त पदवीपर्यंतच्या कॉलेजात. याचा फायदा आपल्याला कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. मिडवेस्टातल्या लहान कॉलेजांनी १९५८ मध्ये एक संघ केला होता, आणि या संघाच्या भारत अभ्यासक्रमातून अनेक दशकं विद्यार्थी पुण्याला येत राहिले. मराठी शिकायची, पुणेकर कुटुंबात राहायचं आणि स्वतःचा छोटा क्षेत्राभ्यास लिहायचा, असा तो शिरस्ता. मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी १९७५ मध्ये परक्यांसाठी मराठीचं संदर्भ-व्याकरण लिहिलं, तेही याच काळात. झेलियट आणि बर्नसन यांनी मिळून महाराष्ट्रातल्या धर्मजीवनावरचा लेखसंग्रह संपादित केला, तो १९८८ चा. वीस वर्षांची मक्याच्या प्रदेशातली मुलं शनिवार पेठेत वरणभात खात मराठी क्रियापदं घोकत होती, आणि त्यांच्यातून अमेरिकेतल्या मराठी अभ्यासाची पुढची फळी घडली. एखाद्या विद्यापीठातल्या एका अध्यासनाने हे साधलं नसतं.

ऑम्व्हेट यांची वाट निराळी. त्या अभ्यासाला आल्या आणि इथल्याच झाल्या. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात डॉ. भारत पाटणकर आणि सासूबाई इंदूताई पाटणकर यांच्यासोबत राहिल्या, १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या. शेतमजूर बायका, परित्यक्ता, दुष्काळी तालुक्यांतलं पाणी या लढ्यांत उतरल्या आणि लिहीतही राहिल्या. पाटणकरांसह त्यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी त्या कासेगावात गेल्या. झेलियट २०१६ मध्ये मिनेसोटात.

मघाचा प्रश्न असा. हेवूडच्या आधी या नदीकाठी कोण होतं? ही भूमी डकोटा लोकांच्या वाहपेकुटे शाखेची. १८५१ च्या मेंडोटा करारात तिने ही भूमी सोडली, आणि कबूल केलेले पैसे व धान्य वेळेवर पोचलं नाही. १८६२ च्या उन्हाळ्यात उपासमारीतून युद्ध पेटलं, आणि २६ डिसेंबर १८६२ रोजी इथून फार दूर नसलेल्या मँकाटो गावात ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. अमेरिकेच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी सामूहिक फाशी. त्यानंतर सहाच दिवसांनी, १ जानेवारी १८६३ ला, त्या फाशीला मंजुरी देणाऱ्या राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्याच सहीने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाला. त्याच वर्षी डकोटांना मिनेसोटातून हद्दपार करण्यात आलं. फुल्यांनी गौरवलेलं औदार्य खरं होतं, आणि ही हकालपट्टीही तितकीच खरी. दोन्ही एकाच काळातल्या, एकाच समाजातल्या माणसांनी केलं. कार्लटन आता आपण वाहपेकुटे भूमीवर उभे आहोत असं जाहीरपणे नोंदवतं. त्याला दीडशे वर्षं लागली.

झेलियट आणि ऑम्व्हेट यांनी आपल्या इतिहासाकडे ज्या बाजूने पाहिलं, त्या बाजूने नॉर्थफील्डचा इतिहास मराठीत कुणीतरी लिहायला हवा, असं मला तिथे राहून फार वाटलं. फुल्यांचा वाचक तो लिहू शकेल. जमिनीची मालकी कोणत्या कागदावर बदलली, गिरणीच्या धरणाने कुणाची मासेमारी थांबली, कॉलेजची पहिली जमीन कुणाकडून आली, दरोड्याचा उत्सव होतो आणि मँकाटोचा का होत नाही, हे प्रश्न त्याला आपोआप सुचतील. सुरुवात मात्र नॉर्थफील्डमधून करता येणार नाही. कॅनन नदी पूर्वेकडे वाहत जाऊन रेड विंगजवळ मिसिसिपीला मिळते, आणि तिथे प्रेअरी आयलंडवर डकोटा वस्ती आजही आहे. आधी तिथे जावं लागेल. आणि झेलियट मराठी शिकल्या तशी डकोटा भाषा शिकावी लागेल. मिनेसोटा विद्यापीठाच्या अमेरिकन इंडियन अभ्यास विभागात, जो १९६९ मध्येच सुरू झाला, ती शिकवली जाते.