'प्रवृत्त करणे' : इंग्रजी शब्दांची पारख



मुलाखतीच्या तयारीसाठी आम्ही काही मुलांकडून स्वतःविषयी इंग्रजीत लिहून घेतले. एका हुशार मुलाने लिहिले, 'माय फादर इन्स्टिगेटेड मी टू स्टडी.' शब्दकोशात 'प्रवृत्त करणे' हा अर्थ पाहून त्याने शब्द निवडला होता. परंतु वाचणाऱ्यास वाटेल, वडिलांनी मुलाला चिथावणीच दिली! अशा शब्दांमागे हेतू कोणता, हे पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी त्यांचे तीन गट करू.

१) आग्रहाचे शब्द : 'अर्ज' म्हणजे कळकळीने आग्रह करणे. आपल्या मराठी 'अर्जा'शी त्याचा संबंध नाही. 'एक्झॉर्ट' म्हणजे तळमळीने उपदेश करणे. 'पर्स्वेड' म्हणजे पटवून देणे. येथे एक भेद लक्षात ठेवावा. 'अर्ज' केल्यावर समोरचा ऐकेलच असे नाही. 'पर्स्वेड' केले म्हणजे त्याला पटले.

२) मोहाचे शब्द : 'टेम्प्ट' म्हणजे मोहात पाडणे, 'कोक्स' म्हणजे लाडीगोडी लावून वळवणे, 'एन्टाइस' म्हणजे लालूच दाखवून ओढणे. 'ल्यूअर' म्हणजे आमिष दाखवणे. शिकारी लोक ससाण्याला परत बोलावण्यासाठी पिसांचा झुबका फिरवीत. त्या झुबक्याचेच हे नाव.

३) चिथावणीचे शब्द : 'इन्साइट' व 'इन्स्टिगेट' हे बहुधा वाईट कृत्यासाठी येतात. 'अबेट' हा कायद्याचा शब्द. मराठीत त्याला अपप्रेरणा म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही चिथावणी देणे हा अपप्रेरणेचाच एक प्रकार आहे. 'गोड' हा इंग्रजी शब्द मात्र मुळीच गोड नाही. तो बैल हाकण्याच्या पराणीचा वाचक असून त्याचा अर्थ टोचून टोचून भाग पाडणे असा होतो. 'एग ऑन' म्हणजे भरीस घालणे. त्यात अंड्याचा काही संबंध नाही.

आता वरील वाक्य दुरुस्त करा : 'माय फादर अर्ज्ड मी टू स्टडी.' शाळा सोडलेल्या मुलाची समजूत घालून त्याला पुन्हा शाळेत पाठवले असेल, तर 'पर्स्वेडेड' लिहा.

शेवटी आपल्या परिचयाचा एक शब्द. बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या परिषदेत दिलेल्या संदेशात 'एज्युकेट' व 'ऑर्गनाइज' यांच्यासोबत 'ॲजिटेट' हा शब्द आहे. आपण त्याला 'संघर्ष करा' म्हणतो. त्याचा मूळ अर्थ ढवळणे, स्थिर असलेले हलवणे असा आहे. तो 'इन्साइट'च्या पंक्तीत बसवू नये. शब्द नेमका कळला, तरच संदेश नेमका कळतो. म्हणून रोज एक शब्द त्याच्या वाक्यासह वहीत उतरवा.