सिंधुदुर्गातील सुट्टीचा हंगाम आणि काजूच्या बोंडूचे मद्य : एक विवेचन

प्रस्तावना

द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात नव्या मद्याच्या निमित्ताने उत्सव साजरा करण्याची प्रथा युरोपात जुनी आहे. फ्रान्समधील बोजोले प्रांतात नोव्हेंबर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी त्या वर्षीचे नवे मद्य खुले होते. पोर्तुगालमध्ये ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणाला भाजलेल्या चेस्टनटसोबत नवे मद्य चाखले जाते. स्वित्झर्लंडमधील वेवे या गावी द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांचा महोत्सव साधारणतः एका पिढीत एकदाच होतो. तो अलीकडे २०१९ मध्ये झाला. महाराष्ट्रात याच्याशी तुलना करता येईल अशी परंपरा नाशिक परिसरात गेल्या पाव शतकात निर्माण झाली. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने तिला बळ दिले आणि २००८ पासून गंगापूर धरणालगतच्या मळ्यांत संगीत व मद्य यांचा एकत्रित महोत्सव भरू लागला.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात द्राक्ष होत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडणाऱ्या दमट प्रदेशात ते होणेही नाही. परंतु ज्याच्या रसाचे मद्य होते असे एक फळ येथे विपुल पिकते आणि त्यातील फार मोठा भाग झाडाखालीच कुजून जातो. ते फळ म्हणजे काजूचे बोंडू. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या या भूमीत सुट्टीचा हंगाम आणि हे फळ यांची सांगड घालता येईल काय, घालावी काय, आणि घातल्यास ती कोणाच्या हिताची ठरेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जिल्ह्यातील उत्सवाचे दिवस

सिंधुदुर्गात सुट्टीचा हंगाम एक नसून अनेक आहेत. भाद्रपदात चतुर्थीला चाकरमानी मुंबईहून घरी येतो. फाल्गुनात शिमगा असतो. मे महिन्यात मुलांच्या सुट्ट्यांमुळे घरे भरतात. पर्यटकांचा हंगाम मात्र दिवाळीपासून सुरू होऊन नाताळ व ३१ डिसेंबर या दिवसांत शिगेला पोहोचतो. मालवण, तारकर्ली, देवबाग येथील निवासगृहे त्या आठवड्यात भरून जातात. मे अखेरीस समुद्र खवळला की किल्ल्याच्या होड्या व जलक्रीडा बंद होतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत बंदच राहतात.

पर्यटकांच्या या हंगामाला समांतर असा गावाचा स्वतःचा हंगाम चालू असतो, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याला त्याची बहुधा कल्पनाही नसते. दिवाळी पाडव्याला मालवणात रामेश्वर व नारायण यांची पालखी निघते. त्रिपुरारी पौर्णिमेपासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा लोटांगणांसाठी प्रसिद्ध आहे. आरवलीच्या वेतोबाला केळीचे घड व चामड्याच्या वहाणा वाहिल्या जातात. मसुरे गावच्या आंगणेवाडीतील भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस पंचांगातील तिथीवरून ठरत नाही, तो देवीच्या कौलाने ठरतो. या जत्रांना दक्षिण कोकणात ‘दहीकाला’ असेही म्हणतात. सासरी गेलेल्या लेकी ओटी भरण्यास येतात, आले घातलेल्या गुळाच्या पाकातील खाजे विकत घेतले जाते, आणि मध्यरात्रीनंतर दशावताराचा खेळ उभा राहतो. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर यांसारख्या मंडळींचा पेटारा रोज नव्या गावी उतरतो. नट एका बाकावर बसून राजदरबार उभा करतात, आणि पहाटे दहीहंडी फुटली की प्रेक्षक घरी व मंडळी पुढच्या गावी जातात. हे सारे मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत, म्हणजे किनाऱ्यावर पर्यटकांची सर्वाधिक गर्दी असते त्याच आठवड्यांत, पाच-दहा कोसांवर घडत असते.

ख्रिस्ती समाजाचा नाताळ हाही या जिल्ह्याचाच सण होय, तो पर्यटकांनी आणलेला नव्हे. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी येथे या समाजाची जुनी वस्ती आहे आणि २००५ मध्ये सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल यांच्या ताटासोबत घरी मुरवलेल्या फळांच्या मद्याचा छोटा पेला पाहुण्यापुढे ठेवण्याची चाल या घरांत पूर्वापार आहे. सणाच्या दिवशी, जेवणासोबत, कुटुंबात बसून आणि मोजके असे मद्यपानाचे जे रूप नाशिकच्या महोत्सवात मोठ्या खर्चाने दाखवले जाते, ते येथे कोणाच्याही जाहिरातीविना अस्तित्वात आहे.

बोंडूचे गणित

काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून गोव्यात आणले आणि तेथून ते कोकणात पसरले. ज्याला आपण काजूचे फळ म्हणतो ते बोंडू हे वस्तुतः फुगलेला देठ असून खरे फळ म्हणजे त्याच्या टोकाला लोंबणारी बी. बीच्या सहा ते आठपट वजन बोंडूचे भरते. याचा अर्थ असा की, शेतकरी एक किलो बी विकतो तेव्हा त्याच्या बागेत सहा किलोहून अधिक रसदार फळ टाकून दिलेले असते. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ यांसारख्या जाती देऊन बीचे उत्पन्न वाढविले. बीसोबत बोंडूही वाढले.

बोंडू टाकले जाते याचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान नव्हे. ते अत्यंत नाशवंत आहे. पिकून गळाल्यावर एका दिवसात ते आंबू लागते. शिवाय त्यातील टॅनिनमुळे रस घशाला ओरखडतो. या दोषावर उपाय आहे, आणि तो मुळीच अवघड नाही. रसात साबुदाण्याची शिजवलेली पातळ पेज मिसळून काही तास ठेवल्यास टॅनिन गाळाच्या रूपाने खाली बसते आणि वरचा निवळ रस काढून घेता येतो. या रसात साखरेचे प्रमाण साधारण दहा ते बारा टक्के असते. आंबवणात साखरेच्या वजनाच्या सुमारे निम्मे मद्यार्क तयार होतो. त्यामुळे द्राक्षमद्याइतके, म्हणजे अकरा-बारा टक्क्यांचे, मद्य हवे असल्यास रसात वरून साखर घालावी लागते. नंतर यीस्टचे विरजण, हवाबंद पात्र, गाळ बसवणे आणि मुरवणे असा क्रम आहे.

गोव्याची पद्धत निराळी. तेथे खडकात कोरलेल्या उथळ कुंडात बोंडू तुडवून रस काढतात, तो सुमारे तीन दिवस आपोआप आंबू देतात आणि भट्टीवर त्याचे ऊर्ध्वपातन करतात. पहिल्या धारेचा हुर्राक सौम्य असतो आणि तो टिकत नाही, म्हणून त्याचा आस्वाद मार्च ते मे एवढ्याच काळात घेतला जातो. पुन्हा भट्टी लावली की चाळीस टक्क्यांच्या वर मद्यार्क असलेली फेणी मिळते. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले.

येथे हंगामाचा एक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. नाशिकची द्राक्षतोड जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि तेथील महोत्सवही त्याच सुमारास भरतो. पाहुण्याला मळा, तोड आणि पेला एकाच जागी दिसतात. सिंधुदुर्गात बोंडू फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होऊन मे महिन्यात संपते. ३१ डिसेंबरला येणाऱ्या पाहुण्याला दाखवण्यासाठी बागेत केवळ मोहोराची चाहूल असते. मात्र एप्रिलमध्ये घातलेले बोंडूचे मद्य निवळून मुरण्यास सहा-आठ महिने मिळाले तर ते बरोबर नाताळला तयार होते. म्हणजे हिवाळ्यातील पाहुण्यासाठी मुरलेले मद्य आणि एप्रिल-मे मधील पाहुण्यासाठी बाग, ताजा रस व रसाचे सरबत अशी विभागणी निसर्गानेच करून ठेवली आहे. नाशिकची हुबेहूब नक्कल करण्याचे प्रयोजन त्यामुळे उरत नाही.

कायदा आणि सीमा

वस्तुस्थिती मात्र अशी आहे की, डिसेंबरमध्ये या किनाऱ्यावर जे मद्य प्यायले जाते त्यात जिल्ह्याचा वाटा जवळपास काहीच नसतो. एक तर ते परवानाप्राप्त दुकानांतून येणारे कारखानी मद्य असते, किंवा बांदा-इन्सुलीच्या तपासणी नाक्याला चुकवून आणलेले गोव्याचे स्वस्त मद्य असते. परतणाऱ्या पर्यटकांपैकी अनेकांना गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली विनापरवाना महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे हे ठाऊकच नसते. याउलट दोडामार्ग, सावंतवाडी या सीमेलगतच्या तालुक्यांतील काही बोंडू गोव्यातील भट्ट्यांकडे जाते. फळ तिकडे जाते आणि बाटली इकडे येते, असा हा व्यवहार आहे.

यामागे दोन राज्यांच्या धोरणांतील अंतर आहे. गोव्यात काजूचे विभाग पाडून अबकारी खाते त्यांचा दरवर्षी लिलाव करते आणि भट्टी लावणारा कायद्याच्या चौकटीत राहतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये विनापरवाना गाळप हा गुन्हा असल्याने ज्यांच्या हाती हे कौशल्य आहे ते लपूनछपून काम करतात, आणि लपलेल्या मालाची तपासणी कोणी करीत नाही. तपासणीविना विकल्या जाणाऱ्या दारूचा धोका काय असतो हे मालाडच्या मालवणी भागात २०१५ च्या जूनमध्ये दिसले. मिथेनॉलमिश्रित दारूने तेथे शंभराहून अधिक माणसे मेली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडू व मोहफुले यांपासूनच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून वरच्या वर्गात आणण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षीच्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विक्रीस मुभा देण्याचा निर्णयही झाला होता, परंतु त्यावर इतका वाद झाला की तो अमलात आला नाही. बोंडूच्या निर्णयावर तितकी चर्चा झाली नाही, हे प्रस्तुत लेखकाच्या मते दुर्दैवाचे होय; कारण शेतकऱ्याच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा होता.

आक्षेप आणि मर्यादा

अशा उद्योगास गावातून विरोध होईल, आणि तो करणाऱ्यांत स्त्रिया पुढे असतील, हे गृहीत धरले पाहिजे. राज्यात मतदान करून दुकानांची ‘बाटली आडवी’ करणाऱ्या स्त्रियांनी हा प्रश्न घरात सोसलेला आहे. त्यांच्यापुढे शेतकऱ्याच्या उत्पन्नाचे आकडे ठेवून भागणार नाही. बोंडू गोळा करणे व त्यापासून बी पिळून वेगळी करणे हे काम बागांतून मुख्यत्वे स्त्रियाच करतात. रसाचा पैसा त्यांच्या हाती येत असेल आणि पेला गावातल्या पुरुषांऐवजी बाहेरच्या पाहुण्यापुढे जात असेल, तर या प्रश्नाचे स्वरूप काहीसे बदलेल. पूर्ण सुटेल असे म्हणता येत नाही.

जत्रेत मद्याचे दालन उघडावे अशी सूचना पर्यटनाच्या उत्साहात अधूनमधून ऐकू येते. ती स्वीकारार्ह वाटत नाही. कोकणात काही ठिकाणी राखणदाराला मद्याचा नैवेद्य दाखवतात हे खरे. परंतु तो मानाचा विधी आहे, त्याचा विक्रीशी संबंध नाही. दशावताराच्या मंडपात म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बायका आणि झोपेने पेंगुळलेली मुले पहाटेपर्यंत निर्धास्त बसतात, ती याच विश्वासावर. पाहुण्याने जत्रेत यावे, खाजे घ्यावे, खेळ पाहावा. पेल्याची जागा निवासगृहातील जेवणाच्या टेबलावर आहे. भरतीच्या वेळी समुद्रात उतरण्यापूर्वी तर ती मुळीच नाही.

व्यापाराच्या बाजूनेही सावधगिरी हवी. नाशिक-नारायणगाव पट्ट्यात २००१ नंतर वायनरी झपाट्याने उभ्या राहिल्या. २००८ च्या मंदीनंतर मागणी घसरली, माल पडून राहिला, अनेक लहान कारखाने बंद पडले आणि काही शेतकऱ्यांनी मद्याच्या द्राक्षांच्या वेली उपटून टाकल्या. काजूबागायतदाराची स्थिती या बाबतीत बरी आहे. त्याचे मुख्य उत्पन्न बीचे असल्याने मद्य विकले गेले नाही तरी झाड तोडावे लागत नाही. त्यामुळे आरंभ लहान असण्यास हरकत नाही. एखाद्या गावच्या सहकारी संस्थेने सकाळी वेचलेले बोंडू दुपारपर्यंत दाबयंत्रावर आणले, त्यातील बहुतांश रस सरबतासाठी निवळून घेतला आणि उरलेल्याचे परवान्यानिशी मद्य केले, तर पहिल्या वर्षी फार तर काही शे बाटल्या निघतील. मालवणातील निवासगृहांना नाताळच्या आठवड्यापुरत्या तेवढ्या पुरेशा आहेत.