एक खोली, एक मास्तर



आपल्यातल्या बऱ्याच जाणत्या मंडळींचा श्रीगणेशा एका खोलीतच झाला. मारुतीचे देऊळ, चावडी, नाहीतर कुणाच्या वाड्याची ओसरी, तीच शाळा. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. इमारती कुठल्या? देवळे नि चावड्याच कामी आल्या. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने सातारा भागात पाचशेंवर व्हॉलंटरी शाळा काढल्या. जागा गावाने द्यायची, मास्तरच्या जेवणाची सोयही गावानेच बघायची.

मास्तर एक नि इयत्ता चार. पहिलीला पाटीवर अक्षर गिरवायला लावायचे, तिसरीला पाढे म्हणायला, आणि तेवढ्यात चौथीचे गणित उरकायचे. हुशार पोरगा धाकट्यांचा मास्तर व्हायचा. पहिलीतल्याच्या कानावर चौथीचा धडा आपोआप पडे, हा फायदाच. पण या शाळांचे फार गोडवे गाऊ नयेत असे आम्हांस वाटते. सुगी आली की पट निम्मा. मास्तर तापाने पडला की कुलूप. म्हणून तर 1987 साली खडू-फळा योजनेत किमान दोन खोल्या, दोन शिक्षक ठरले.

हे आज सांगण्याचे कारण आपल्याच शिवारात आहे. हंगामात बीड-नगरकडून टोळ्या येतात, दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ते उन्हाळ्यातच परततात. पोरांचे अर्धे वर्ष कोपीवर जाते. थोरली पोर धाकटे भावंड सांभाळते, म्हणजे शाळा तिचीच आधी सुटते. कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या, त्याही बहुधा एकाच खोलीच्या. पण लांबच्या फडावरची पोरे तिथवर पोचणार कशी?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या पोराला वर्षाच्या मध्येही शाळेत घ्यावे लागते. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मुकादमाला हे बहुधा ठाऊक नसते, आपण सांगावे. टोळी उतरली की तिच्यात शाळेच्या वयाची पोरे किती, हे चिटबॉयजवळ नोंदवा. गावच्या शाळेलगत कोपी घालायला पडीक जागा असेल तर तीही कळवा. गट ऑफिसात आम्ही यादी करून मुख्याध्यापकांना नेऊन देऊ.